मुलाखतीचे वाल

आपांना कुठलीही गोष्ट सांगा, त्या ती शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि मग दोनच शब्द म्हणायच्या, "बरं, मग?" वीजमीटर बघायला आलेला माणूस सांगायचा, या महिन्यात युनिट वाढलेत हो. "बरं, मग?" शेजारच्या खाला लगबगीनं येऊन सांगायच्या, अमक्याची सून पुन्हा माहेरी गेली. "बरं, मग?" खाला पुढचं सांगायला तोंड उघडायच्या आणि तेव्हा त्यांच्या लक्षात यायचं की पुढचं त्यांनाही ठाऊक नाही. आपांच्या आवाजात राग नसायचा, टोमणाही नसायचा. पुढं खरंच काय झालं, एवढंच त्यांना हवं असायचं. रत्नागिरीच्या राजिवडा मोहल्ल्यात सगळे त्यांना 'बरंमग आपा' म्हणत. मी एकदा धीर करून विचारलं, "आपा, लोक तुम्हाला असं म्हणतात, माहित्ये ना?" त्यावर त्या काय म्हणाल्या ते सांगायला नको.

या आपा पूर्वी मस्कतला नोकरीला होत्या. दुकानांची मोठी साखळी असलेल्या एका कंपनीत, कुठल्या आठवड्यात कुठल्या दुकानात दूध किती खपेल, खजूर किती, लहान मुलांचे डायपर किती, याचा अंदाज आकडेवारीवरून बांधायचा, असं त्यांचं काम. डेटा सायन्स हा शब्द आमच्या कॉलेजच्या नोटीसबोर्डावर यायच्या कितीतरी आधी आपा तेच करून पगार घेत होत्या. मोहल्ल्यात मात्र एवढंच कळलं होतं, की ही कॉम्प्युटरवर बघून पुढचं सांगते. त्यामुळे एकदा एक बाई आपल्या मुलाचा व्हिसा कधी येईल ते विचारायला आली. आपांनी तिला चहा पाजला, मुलाचा अर्ज नीट बघून त्यातली जन्मतारीख दुरुस्त करून दिली, आणि व्हिसा आला. तेव्हापासून तर बोलायची सोयच राहिली नाही.

ती नोकरी त्यांनी अब्बांसाठी सोडली. अब्बांची स्वतःची बोट होती, त्यांना अख्खी खाडी नाखवा म्हणून ओळखायची. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर ते पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. आई आधीच गेलेली, आपा एकुलत्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्याला काय उत्तर मिळायचं तेही आता सांगायला नको. महिन्याभराची रजा टाकून त्या आल्या आणि राहिल्या. कंपनीतून पहिले काही महिने फोन यायचे, परत कधी येता म्हणून. "अब्बा चालायला लागले की येते," आपा सांगायच्या. अब्बा काठी घेऊन चालायला लागले, पण अंगणापलीकडे नाही. मग फोन यायचे थांबले. आपा त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. पण त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या आमच्यापैकी कुणाला नोकरी लागली की त्या पगार विचारायच्या नाहीत, "टेबल खिडकीजवळ मिळालं का?" असं विचारायच्या. मस्कतला त्यांचं टेबल खिडकीजवळ होतं. परत जायचं त्यांच्या मनात आहे, हे आम्हा सगळ्यांना त्या एका प्रश्नावरून कळायचं.

मी त्यांच्याकडे गेले ते संख्याशास्त्राची पदवी घेऊन घरी बसले होते तेव्हा. आमचं गाव देवरुखजवळ. बाबांच्या गळ्यात माळ, घरात अंडंसुद्धा येत नाही. भाऊ मुंबईला, आणि माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झालेली. कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं, राजिवड्यात एक बाई आहेत, डेटा सायन्सच्या नोकरीची तयारी करून घेतात, जाऊन बघ. मी रविवारी एसटीनं रत्नागिरीला उतरले, विचारत विचारत घर शोधलं. ओटीवर खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ डुलक्या घेत होते, खाली चटईवर एक बाई आणि दोन-तीन पोरं गोल करून बसली होती, आणि मध्ये पातेलंभर कोलंबी. मला वाटलं चुकीच्या घरात आले.

"ये बाय, बस," आपा म्हणाल्या. "कोलंबी सोलतेस?"

मी म्हटलं, "आमच्यात चालत नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, उठून आत गेल्या आणि मोड आलेल्या वालांचं भांडं आणून माझ्यापुढे ठेवलं. "मग हे बिरडं सोल. आणि सोलता सोलता सांग, तुला ही नोकरी कशाला हवी?"

ही आपांची पद्धत. मुलाखतीची तयारी करून घ्यायची ती हातात काम देऊन. मांसाहारी उमेदवाराला कोलंबी, शाकाहारी उमेदवाराला वाल. त्यांचं म्हणणं असं, की मोकळ्या हाताचा माणूस मुलाखतीत हातवारे करतो, कपाळ पुसतो, आणि घाबरला की पाठ केलेलं घडाघडा म्हणतो. हातात काम असलं की पाठ केलेलं आठवत नाही. जे खरंच कळलंय तेवढंच तोंडातून बाहेर पडतं. "सोलणं थांबलं की समजायचं," त्या म्हणायच्या, "की आता ही थाप मारणार." आणि हे इतकं खरं होतं की आम्ही एकमेकांच्या बोटांकडे बघत बसायचो. कुणाची बोटं थांबली की बाकीचे गालात हसायचे. शेजारच्या खालांचं मत वेगळं होतं. त्यांच्या मते आपांनी शिकलेली पोरं जमवून फुकटात कोलंबी सोलून घ्यायची युक्ती काढली होती. आपा हे नाकारत नसत. "दोन्ही कामं होतात, वाईट काय?" म्हणायच्या, आणि संध्याकाळी खालांकडे वाटीभर कालवण जायचं.

वाल सोलणं दिसतं तेवढं सोपं नाही, हे मी इथं नमूद करून ठेवते. दाणा चिमटीत दाबला की टुणकन उडतो. पहिल्या दिवशी मी 'मला आकडेवारीतून सत्य शोधण्याची आवड आहे' असं काहीतरी बोलायला लागले आणि एक वाल उडाला तो थेट नाखवांच्या मांडीवर. ते जागे झाले. वाल हातात घेऊन त्यांनी उलटापालटा करून बघितला आणि विचारलं, "काय गो, नोकरी गावली हिला?"

"नाय अब्बा. अजून सत्य शोधत्ये ती."

"मग शोधू दे," नाखवा म्हणाले आणि परत झोपले.

नाखवांची ही झोपही आपांच्या पद्धतीतच बसलेली होती. आम्ही आमचा प्रकल्प समजावून सांगायला लागलो, की नाखवा खुर्चीतून ऐकायचे. सांगणं सरळ असलं की जागे असायचे, मान डोलवायचे. इंग्रजी शब्दांची रांग लागली की पाच-सहा वाक्यांत घोरणं सुरू. आपा लगेच हात वर करायच्या. "अब्बा झोपले. परत पहिल्यापासून सांग." कुणी कुरकुर केली, की कंपनीत सगळी तज्ज्ञ मंडळी असतात, तिथं असं सोपं करून सांगायची काय गरज, तर म्हणायच्या, "निर्णय घेणारा साहेब जेवून आलेला असतो. तो अब्बांपेक्षा लवकर झोपतो." मी महिनाभर रविवारच्या रविवार नाखवांना जागं ठेवायचा प्रयत्न करत होते. ज्या दिवशी ते माझं सगळं सांगणं संपेपर्यंत टक्क जागे राहिले, त्या दिवशी मी देवरुखच्या एसटीत एकटीच हसत होते.

माझा पहिला प्रकल्प म्हणजे इंटरनेटवरून उतरवून घेतलेली कुठल्यातरी परदेशी शहरातल्या घरांच्या किमतींची आकडेवारी. सगळे तीच घेतात. मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, की माझं मॉडेल किंमत अगदी जवळपास बरोबर सांगतं. आपांचं ठरलेलं आलंच, "बरं, मग?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "त्या शहरात कधी गेल्येस?" नाही. "तिथं घर घ्यायचंय?" नाही. "मग तुझा अंदाज चुकला तर तुला कळणार कसं? इथलं काहीतरी कर. चुकलं तर कुणीतरी हसेल असं."

त्यांच्या ओळखीच्या एका बर्फाच्या कारखान्यातून मी रोजच्या विक्रीचे आकडे मिळवले. बोटी समुद्रात जाण्याआधी बर्फ भरून घेतात, तेव्हा उद्या किती बर्फ लागेल त्याचा अंदाज बांधायचा, असं ठरलं. आकडे बघते तर दर थोड्या दिवसांनी मध्येच शून्य. ऑनलाइन कोर्समध्ये शिकवलेलं डोक्यात पक्कं होतं, की नोंद राहून गेली असेल तिथं सरासरी भरायची. मी सगळी शून्यं पुसली आणि सरासरी भरून टाकली. आलेख असा सुरेख झाला की काय सांगू.

पुढच्या रविवारी आपांनी लॅपटॉपवर बराच वेळ पाहिलं. मग नाखवांना हलवून जागं केलं, "अब्बा, ऐका. हिच्याकडे जुम्म्याला बोटी जातायत."

नाखवा इतके हसले की काठी खाली पडली. "जुम्म्याला? आमची बोट धक्क्याला बांधलेली, आणि हिच्या कॉम्प्युटरात मासे गावतायत!"

आता आमच्या देवरुखच्या बाजूला समुद्र नाही, मोहल्लाही नाही. शुक्रवारी नमाजाच्या दिवशी इथल्या बोटी निघत नाहीत, म्हणून बर्फही विकला जात नाही, हे मला कुठून ठाऊक असणार? ते शून्य म्हणजे राहून गेलेली नोंद नव्हती, तो सुट्टीचा दिवस होता. मी ओशाळले, पण हसूही आवरेना. आपा म्हणाल्या, "आता ही चूक जपून ठेव बाय. मुलाखतीत हीच सांग. सगळं बरोबर केलेली मुलं त्यांना रोज भेटतात." आणि पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीच्या दिवसांत मी काय भरलंय ते बघायला त्यांनी आलेख पुढं सरकवला. तिथंही माझ्या बोटी भर पावसात समुद्रात होत्या. नाखवांना पुन्हा हलवावं लागलं.

आपांकडे येणाऱ्या प्रत्येकाला त्या डेटा सायन्समध्ये ढकलत होत्या असं मात्र नाही. चिपळूणहून एक मुलगा यायचा. वडिलांनी हट्टानं पाठवलेला. तो कोलंबी सुरेख सोलायचा, बोलायचा मात्र काही नाही. एके दिवशी शेजारची बोट धक्क्यावर बंद पडली तर हा ओटीवरून उठून गेला आणि दोन तासांनी काळ्या हातांनी, उजळलेल्या तोंडानं परत आला. आपांनी त्याच्या वडिलांना बोलावून घेतलं. वडील तावातावानं म्हणाले, "अहो, त्या क्षेत्राला किती मागणी आहे!" आपा म्हणाल्या, "बरं, मग? तुमच्या मुलाला ते मागतंय का?" तो मुलगा आज बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, आणि आपा आपल्या यशस्वी विद्यार्थ्यांत त्याचं नाव सगळ्यांत आधी घ्यायच्या.

बायोडाटा हातात घेतला की त्यांची पेन्सिल चालायची. 'उत्साही' खोड. "उत्साही आहेस ते दिसतंयच, नाहीतर देवरुखहून एसटीनं आली नसतीस." 'मेहनती' खोड. 'संघभावना' खोड. शेवटी माझ्या बायोडाटात नाव, शिक्षण, बर्फ आणि शुक्रवार एवढंच उरलं. पण एका गोष्टीत त्या कधी काही खोडत नसत. उलट लिहायला लावत. आमच्यातल्या एका मुलीची आईच्या आजारपणात मधली वर्षं घरात गेली होती, आणि तिनं तिथं 'स्वतंत्र सल्लागार' असं लिहून ठेवलं होतं. आपांनी तिच्यासमोर कागद ठेवला. "हे काय? आई आजारी होती ना? तसं लिही. घरच्या माणसाची सेवा केली याची लाज कसली? विचारलं तर एका दमात सांगायचं. माफी मागायची नाही, रडायचं नाही. सांगायचं आणि पुढं सरकायचं." त्या मुलीनं ओटीवर बसून ते वाक्य इतक्यांदा म्हणून दाखवलं की नाखवांनाही पाठ झालं होतं.

माझी खरी मुलाखत पुण्याच्या कंपनीची, पण व्हिडिओवर. आमच्या गावात रेंज मिळते ती फक्त शाळेमागच्या कातळावर, आणि तिथं गुरं असतात. म्हणून आपांनी मला आपल्या खोलीत बसवलं, दार लावलं आणि जाताना माझ्या मांडीवर वालांचं भांडं ठेवलं. मी घाबरून म्हटलं, "आपा, खऱ्या मुलाखतीत?" त्या म्हणाल्या, "खऱ्याच मुलाखतीत लागतात. टेबलाखाली कोण बघतंय?"

बघणारं होतं. थोड्या वेळानं समोरच्या बाईंनी मला मध्येच थांबवलं. "तुम्ही सारख्या खाली बघताय. समोर काही लिहून ठेवलंय का?" हल्ली पडद्याआड चिठ्ठ्या ठेवून उत्तरं वाचणारे फार झालेत, त्यांना तोच संशय. काय सांगणार? शेवटी भांडंच उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. "वाल आहेत. मी बिरडं सोलतेय."

त्या बाई पुढं वाकल्या. "कडवे वाल?"

"हो."

"अय्या," त्या म्हणाल्या, आणि सोबतच्या दोघा साहेबांना बिरडं म्हणजे काय ते समजावून सांगण्यात मुलाखतीची काही मिनिटं गेली. त्यानंतर मी शुक्रवारची गोष्ट सांगितली. तिघंही जागे होते. नोकरी लागली. आपांना सांगितलं, तर त्यांनी विचारलं ते त्यांचंच, टेबल खिडकीजवळ का? नाखवा म्हणाले, "आता हिचे वाल कोण सोलणार?"

मी पुण्याला आले. टेबल भिंतीजवळ मिळालं, पण ते आपांना कळू दिलं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी गावी आले की राजिवड्याला चक्कर व्हायचीच. चटईवर नवी पोरं असायची, खुर्चीत नाखवा. मग एका हिवाळ्यात नाखवा गेले. झोपेतच, त्याच खुर्चीत, भर दुपारी. आपा फोनवर म्हणाल्या, "एक मुलगा त्याचा प्रकल्प सांगत होता. आम्हाला वाटलं, नेहमीसारखे झोपले." मला हसू आलं आणि त्याच्यामागून रडू आलं, आणि तिकडे आपांचंही तेच झालं असणार.

अब्बा गेल्यावर सगळे आपांना विचारायला लागले, आता पुढं काय? आयुष्यभर हा प्रश्न त्यांनी दुसऱ्यांना विचारलेला. त्या म्हणायच्या, "पोरं येतात की. बघू." पण मला ते 'बघू' ऐकवेना. ज्या कारणासाठी थांबल्या होत्या ते कारण गेलं होतं, आणि पन्नाशी उलटली होती. आता नाही तर कधीच नाही, हे त्यांना आमच्याहून जास्त कळत असणार.

एक दिवस त्यांचाच फोन आला. "या रविवारी येत्येस का? वाल भिजत घालत्ये."

गेले तर ओटीवर दुसरं कुणीच नव्हतं. आपांनी पोरांना सुट्टी दिली होती. चटईवर कोलंबीचं पातेलं आणि वालांचं भांडं मांडलेलं. नाखवांची खुर्ची जागच्या जागी. आपा खाली बसल्या, पदर खोचला, आणि माझ्याकडे न बघता एक कागद पुढं केला. त्यांचा बायोडाटा. मंगळूरला थंड गोदामांची एक कंपनी आहे, तिनं मुलाखतीला बोलावलं होतं.

"आज तू विचार," आपा म्हणाल्या.

मी कागद वाचला. मस्कतपर्यंत सगळं व्यवस्थित होतं. पुढं काहीच नव्हतं. इतकी वर्षं, आणि कोरा कागद. 'अब्बांना सांभाळलं' एवढंसुद्धा नाही. मला त्या आजारी आईच्या मुलीची आठवण झाली, पण काही बोलले नाही. मुलाखत घेणाऱ्यानं आधीच आपलं मत द्यायचं नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. मी वाल सोलायला घेतले, त्यांनी कोलंबी.

सुरुवातीचे प्रश्न त्यांनी लीलया परतवले. मग मी विचारलं, "मस्कतची नोकरी सोडल्यापासून तुम्ही काय करत होतात?"

आपांनी बोलायला सुरुवात केली. काय बोलल्या ते मला नीट आठवत नाही, आणि त्यात लक्षात राहण्यासारखं काही नव्हतंच. कौटुंबिक परिस्थिती, तंत्रज्ञानातले बदल, स्वयंअध्ययन, त्यात ढीगभर इंग्रजी शब्द. "माझं ज्ञान थोडं मागं पडलं असेल त्याबद्दल दिलगीर आहे, पण..." त्यांची बोटं थांबली होती. कोलंबी अर्धी सोललेली तशीच हातात.

माझं लक्ष खुर्चीकडे गेलं. मी म्हटलं, "आपा, नाखवा झोपले असते."

त्यांनी मान वर केली. खुर्चीकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. कोपरानं ते पुसायचा त्या प्रयत्न करत होत्या, कारण हात कोलंबीचे. मी उठून त्यांच्याच पदरानं त्यांचे डोळे पुसले. माझी त्या बाईवर इतकी माया आहे, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"परत पहिल्यापासून," मी म्हटलं.

आपांनी कोलंबी पुन्हा हातात घेतली. पाठीतला काळा दोरा काढला, बाजूला टाकला, दुसरी घेतली. मग सरळ, एका दमात म्हणाल्या, "वडील पडले म्हणून मी नोकरी सोडून आले. ते जाईपर्यंत त्यांना सांभाळलं. त्याच वर्षांत माझ्या ओटीवर पोरं येत गेली, त्यांना या कामाला तयार केलं. त्यातली एक आज समोर बसून माझी मुलाखत घेत्ये."

मी म्हटलं, "बरं, मग?"

त्यांच्याच शब्दांत त्यांना कुणी विचारण्याची ती पहिलीच वेळ असावी. त्या चमकल्या, हसल्या, आणि मग अगदी हळू म्हणाल्या, "मग काय गो. मला परत काम करायचंय."

बोटं चालू होती. मी विचारायचं थांबवलं.

नोकरी लागली. मी फोनवर विचारलं, मधल्या वर्षांचं विचारलं का? म्हणाल्या, "विचारलं. सांगितलं." मग? "मग पुढचा प्रश्न विचारला." इतकंच. ज्या गोष्टीला त्या कित्येक महिने घाबरल्या होत्या ती दोन वाक्यांत संपली होती, आणि त्याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं.

रत्नागिरी स्टेशनवर आम्ही बरेच जण जमलो होतो. इंजिन दुरुस्त करणारा चिपळूणचा मुलगा त्यांची ट्रंक उचलून उभा, तिला कुणाला हात लावू देत नव्हता. खाला आल्या होत्या, आणि येताना डबाभर सोललेली कोलंबी तिखटमिठात परतून घेऊन आल्या होत्या. "ही मी सोलली बरं," असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. घराची किल्ली आपांनी त्यांच्याकडे दिली. खुर्ची हलवू नका, एवढंच बजावलं. गाडी आली, आपा खिडकीशी बसल्या, आणि आमच्यातलं कुणीतरी म्हणालं, जागा खिडकीजवळ मिळाली की हो. आपा खूप दिवसांनी खदखदून हसल्या.

ओटी आता बंद आहे. पण रविवारी माझ्या फोनवर अनोळखी नंबर येतात. मागच्या आठवड्यात संगमेश्वरची एक मुलगी होती. "ताई, आपांनी तुमचा नंबर दिला. म्हणाल्या, समोर बसताना काहीतरी सोलायला घेऊन बस. आमच्याकडे फणसाच्या आठळ्या आहेत, चालतील?" चालतील म्हटलं. आठळ्यांचं साल चिवट असतं, वेळ जास्त लागतो. त्याला कसली घाई नाही.

आपांचा फोन आला तो मंगळूरला रुजू होऊन महिना झाल्यावर. त्यांनी पहिला अहवाल मांडला होता. कुठल्या गोदामात किती जागा कधी रिकामी राहते, का राहते, सगळं. समोर त्यांचे साहेब, पंचविशी-तिशीचा मुलगा. त्यानं शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि म्हणतो कसा," आपा म्हणाल्या, "'ओके मॅम. सो?'"

मी इकडे तोंडावर हात धरला. "मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार बाय," आपा म्हणाल्या. "दोन्ही हात टेबलाखाली घेतले, आणि रिकाम्याच बोटांनी सोलायला लागले."